चार वाद्यं, एक फीत

बेथोव्हेनचं ओपस १३१ हे स्ट्रिंग क्वार्टेट सात भागांचं आहे आणि या सात भागांमध्ये कुठेही थांबायला जागा नाही. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन एकटंच एक संथ सुरावट छेडतं. मग दुसरं व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो एकेक करून तिच्यात उतरतात. तिथून निघालेले चौघं जवळपास चाळीस मिनिटांनी शेवटच्या जोरकस स्वरसंघांवर येऊन पोचतात. १८२६ साली पूर्ण झालेल्या या रचनेत बेथोव्हेननं ऐकणाऱ्याला टाळ्या वाजवायची उसंत दिली नाही आणि वाजवणाऱ्याला गज खाली ठेवायचीही.

१९३६ साली बुश क्वार्टेटनं लंडनमध्ये 'एचएमव्ही'साठी ही रचना मुद्रित केली, तेव्हा मात्र तिला थांबावंच लागलं. ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर फार तर साडेचार मिनिटं मावत. म्हणजे चाळीस मिनिटांच्या अखंड संगीताचे नऊ-दहा तुकडे. घरी ऐकणाऱ्याला दर चार मिनिटांनी उठून तबकडी पालटावी लागे, हा त्रास तर होताच. पण खुद्द वादकांनाही मेणाच्या तबकडीसमोर तुकड्यातुकड्यानं वाजवावं लागे, ही त्याहून मोठी अडचण होती. एखादा सूर घसरला तर ती अख्खी बाजू पुन्हा वाजवायची. शिवाय मेण लगेच वाजवून पाहावं, तर ते खराब व्हायचं. आपल्याकडेही त्याच सुमारास अब्दुल करीम खाँसाहेब तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करत होते. त्यांनी त्या मर्यादेतही जे दिलं ते अमोल आहे. पण मैफिलीत तासभर फुलणारा ख्याल तबकडीवर मावत नव्हता, हेही तितकंच खरं.

चेंबर म्युझिक म्हणजे दोनापासून आठ-नऊ वादकांपर्यंतचं, लहान जागेत ऐकायचं संगीत. प्रत्येक ओळ एकच वादक वाजवतो. पुढे उभं राहून हात हलवणारा संचालक नसतो. कधी सुरू करायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे वादक एकमेकांच्या श्वासावरून, भुवईवरून, गजाच्या हालचालीवरून ठरवतात. घरगुती बैठकीत गवयाच्या समोर दोन हातांवर बसून गाणं ऐकलेल्या माणसाला यातलं सुख वेगळं समजावून सांगायला नको. या संगीताचा जीव दोन गोष्टींत असतो: सलगपणा आणि जवळीक. तबकडीला या दोन्ही एकदम देता येत नव्हत्या. त्या दिल्या चुंबकीय फितीनं.

बर्लिनमधला शोध

फितीची कल्पना जर्मनीत आकाराला आली. ड्रेस्डेनमध्ये काम करणारा फ्रिट्झ फ्लॉयमर सिगारेटच्या टोकाशी असलेल्या कागदावर सोनेरी पट्टी चढवण्याच्या तंत्रात वाकबगार होता. १९२८ साली त्यानं तसंच लोखंडाचं चूर्ण कागदी पट्टीवर चिकटवलं आणि त्यावर आवाज मुद्रित करून दाखवला. पुढे एइजी कंपनीनं यंत्र केलं, बीएएसएफनं फीत केली आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांसमोर आला. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी टॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक घेऊन लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या सभागृहात आले होते. तो कार्यक्रम फितीवर घेतला गेला आणि त्यातला काही भाग आजही ऐकायला मिळतो.

ऐकायला मिळतो, पण फार गोड वाटत नाही. त्या फितीत खरखर होती आणि हळुवार सूर फाटत होते. याचं कारण चुंबकीय कणांच्या स्वभावात आहे. क्षीण विद्युतप्रवाहाला हे कण प्रमाणशीर दाद देत नाहीत. एका मर्यादेपर्यंत ते जागचे हलतच नाहीत. वाद्यवृंदाच्या गजरात हा दोष झाकला जातो, पण चार तंतुवाद्यं अगदी मंद वाजत असली की तो उघडा पडतो.

१९४० साली जर्मन रेडिओच्या प्रयोगशाळेत वाल्टर वेबर या अभियंत्याच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. एका ॲम्प्लिफायरमध्ये बिघाडामुळे कानाला न ऐकू येणारी उच्च कंपनं निर्माण होत होती आणि नेमकं त्या वेळचं मुद्रण कमालीचं स्वच्छ निघत होतं. संगीताच्या जोडीला अशी उच्च कंपनं मुद्दाम मिसळली तर कण आधीच हलते राहतात आणि बारीकसा सूरही त्यांच्यावर इमानानं उमटतो, हे त्यानं ओळखलं. याला 'बायस' म्हणतात. पुढच्या काळातला प्रत्येक चांगला टेपरेकॉर्डर याच तत्त्वावर चालला.

युद्ध चालू असतानाच बर्लिनमध्ये फितीवर स्टिरिओ मुद्रणंही झाली. त्यांतली बहुतेक नाहीशी झाली, थोडीच उरली. उरलेल्यांत वाल्टर गीझेकिंगनं वाजवलेला बेथोव्हेनचा 'एम्परर' पियानो कॉन्चेर्टो आहे. त्यातल्या शांत जागी दूरवर विमानविरोधी तोफांचे धमाके ऐकू येतात, असं जाणकार दाखवून देतात.

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला जॅक मलिन त्या वेळी इंग्लंडमध्ये तैनात होता. रात्री दोन-दोन वाजता जर्मन रेडिओवरून वाद्यवृंदांचं संगीत यायचं. त्यात सुईची टिकटिक नसायची आणि बाजू बदलल्याची खूणही नसायची. एवढ्या अपरात्री एवढे वादक रोज हजर असतील, हे पटण्यासारखं नव्हतं. १९४५ साली फ्रँकफर्टजवळच्या बाट नाउहाइममध्ये त्याला खरं यंत्र पाहायला मिळालं. दोन मॅग्नेटोफोन सुटे करून आणि पन्नास स्पूल बांधून त्यानं टपालानं सॅन फ्रान्सिस्कोला पाठवले. मे १९४६ मध्ये त्यानं ते तिथल्या अभियंत्यांना ऐकवले. गायक बिंग क्रॉस्बीनं आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी हे तंत्र उचललं आणि १९४८ मध्ये ॲम्पेक्स कंपनीचं 'मॉडेल २००' बाजारात आलं.

प्राडचा चेलो

फितीचं एक यंत्र लवकरच पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी एका छोट्या फ्रेंच गावात पोचलं. स्पेनमधल्या फ्रँकोच्या राजवटीच्या निषेधार्थ देश सोडलेला चेलोवादक पाब्लो कासाल्स प्राडमध्ये राहत होता आणि त्यानं जाहीर वादन बंद केलं होतं. तो बाहेर येत नाही तर संगीतकारांनीच त्याच्याकडे जावं, असं व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरनं ठरवलं आणि बाखच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९५० मध्ये, तिथे महोत्सव भरला. कोलंबिया कंपनीनं तिथलं संगीत मुद्रित केलं. १९५२ च्या महोत्सवाच्या वेळी आयझॅक स्टर्न, श्नायडर, मिल्टन केटिम्स, कासाल्स आणि पॉल टोर्टेलिए या पाचजणांनी शूबर्टचं सी मेजर क्विंटेट वाजवलं.

या क्विंटेटमध्ये दोन चेलो आहेत. दुसऱ्या, अतिसंथ भागात मधली तीन वाद्यं लांबच लांब सूर धरून बसतात, इतकी संथ की गज सरकतो आहे की नाही असं वाटावं. वरती पहिलं व्हायोलिन तुटक तुटक काही बोलतं आणि खाली दुसरा चेलो बोटानं तार छेडून त्याला उत्तर देतो. चार-साडेचार मिनिटांनंतर अचानक सगळं ढवळून निघतं आणि पुन्हा शांतता येते तेव्हा चेलोचं उत्तर पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. ७८ च्या जमान्यात नेमक्या त्या वळणाच्या आसपास बाजू संपण्याची भीती असायची. फितीवर ते वळण सलग घेता आलं. प्राडच्या मुद्रणात कासाल्सच्या तोंडून वाजवताना निघणारे हुंकारही आले आहेत. काही श्रोत्यांना ते खुपतात. पण पाच माणसं एका खोलीत एकमेकांकडे कान देऊन बसली आहेत, याचा त्याहून सरळ पुरावा कोणता असणार?

सभागृह, माइक आणि यंत्र

क्वार्टेटच्या मुद्रणासाठी आधी जागा शोधावी लागते. फार घुमणाऱ्या दालनात चार ओळींचा काला होतो. कोरड्या स्टुडिओत गजाची राळ तेवढी ऐकू येते. स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळकारांच्या गावात १९५५ साली एक संगीतगृह बांधलं गेलं. अक्रोडाच्या लाकडानं मढवलेल्या या सभागृहात गुंज आहे, पण स्पष्टता हरवत नाही. फिलिप्स कंपनीनं ही जागा वारंवार वापरली. बोझ आर्ट्स ट्रिओनं १९७० च्या दशकात हायडनच्या पियानो ट्रिओंचा अवघा संच मुद्रित केला, तो इथलाच.

माइक किती लावायचे यावर वाद रंगतात, पण क्वार्टेटला बऱ्याचदा दोन पुरतात. १९३१ साली ईएमआयमधल्या ॲलन ब्लमलाइननं स्टिरिओचं पेटंट मागितलं, त्यात एकाच ठिकाणी नव्वद अंशांत ठेवलेल्या दोन माइकची पद्धत आहे. हे माइक पुढचं ऐकतात तसंच मागचंही, त्यामुळे वादकांबरोबर सभागृहही मुद्रित होतं. फ्रेंच रेडिओच्या पद्धतीत दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात असतात. स्टँड साधारण दोन-तीन मीटर पुढे आणि डोक्यापेक्षा बराच उंच. मग ध्वनिमुद्रक ऐकतो, उठतो, स्टँड हातभर सरकवतो, पुन्हा ऐकतो. चेलोची खालची खुंटी पोकळ लाकडी मंचावर टेकली तर मंचच घुमू लागतो. तेव्हा चेलोलाच जागा बदलायला सांगावं लागतं.

यंत्राच्या दोन बाजूंना दोन स्पूल असतात. डावीकडून सुटलेली फीत तीन हेडवरून जाते: पहिला जुनं पुसतो, दुसरा नवं लिहितो, तिसरा लिहिलेलं लगेच वाजवून दाखवतो. कॅप्स्टन नावाचा पोलादी दांडा आणि त्यावर दाबलेलं रबरी चाक तिला एकसारख्या गतीनं ओढतात. फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटर. स्टुडिओतली नेहमीची गती सेकंदाला ३८ सेंटिमीटर. या गतीला १५,००० हर्ट्झचा एक तरंग फितीवर जेमतेम २५ मायक्रोमीटर जागा घेतो. म्हणून हेडवर साचलेला तपकिरी भुगा किंवा केसभर वाकडा हेड व्हायोलिनच्या वरच्या सुरांची चमक घालवतो. साडेदहा इंची स्पूलवर ७६२ मीटर फीत बसते आणि ती ३३ मिनिटांत संपते. म्हणून लांबलचक रचनांसाठी स्टुडिओत दुसरं यंत्र तयार ठेवतात.

ब्लेडची करामत

फीत सलग चालते, तशी ती कापताही येते. अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन टेकमधले चांगले भाग निवडायचे. हातानं स्पूल मागेपुढे हलवत हेडवर नेमका सूर सापडवायचा, तिथे पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यात फीत बसवून ब्लेडनं तिरपी कापायची आणि मागून चिकटपट्टी लावायची. सेकंदाला ३८ सेंटिमीटर गती असल्यानं सेकंदाचा दहावा हिस्सा म्हणजे ३.८ सेंटिमीटर फीत; बोटांत सहज धरता येईल एवढी. पंचेचाळीस अंशांत कापल्यावर जोड ६.३५ मिलिमीटर लांबीवर पसरतो, म्हणजे एक टेक मावळून दुसरा उगवायला साधारण १७ सहस्रांश सेकंद लागतात. सराईत हाताचा जोड कानाला कळत नाही.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गुल्डनं १९६६ साली लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात याची खुली बाजू घेतली. बाखच्या ए मायनर फ्यूगचे त्यानं अनेक टेक घेतले होते. त्यांतला सहावा आणि आठवा दोन्ही निर्दोष होते, पण एक गंभीर आणि दुसरा हलकाफुलका. दोन्ही अखेरपर्यंत एकसुरी वाटत होते. दोन्ही एकाच गतीत वाजले होते हे ध्यानात येताच सुरुवात आणि शेवट एका टेकमधून आणि मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्यानं फ्यूग जोडला. मैफिलीत सुचलं नसतं असं काही जोडकामात सापडलं, हा त्याचा मुद्दा.

एकट्या पियानोवादकासाठी हे पटतं. चौघांच्या क्वार्टेटला ते तितकं सहज लागू होत नाही. एका टेकमध्ये दुसऱ्या व्हायोलिननं एखादी ओळ किंचित रेंगाळून वाजवली तर पुढच्या दोन ओळींत बाकीचे तिघं त्याची दखल घेतात. तिथे कापलं, तर दखल उरते आणि मूळ कारण निघून जातं. चूक झाकायला एखादा जोड घालणं वेगळं; पण दर चार मापांवर जोड असलेलं क्वार्टेट हे चार माणसांचं बोलणं उरत नाही. म्हणूनच जाणते निर्माते आधी पूर्ण भागाचे दोन-तीन सलग टेक घेतात, त्यांतला जिवंत टेक पाया म्हणून धरतात आणि ब्लेड उचलायची ती शक्य तितकी कमी वेळा. फितीनं परत मिळवून दिलेला सलगपणा फितीच्याच सोयीपायी गमावू नये, हा विवेक त्यांनी सांभाळला.

घरातलं क्वार्टेट

स्टिरिओ तबकड्या १९५८ साली सर्रास विक्रीला आल्या. त्याआधीची तीन-चार वर्षं घरात स्टिरिओ ऐकायचा रस्ता एकच होता: आधीच मुद्रित केलेली टेप. अमेरिकेत आरसीए व्हिक्टरनं १९५४ साली आणि इंग्लंडमध्ये ईएमआयनं १९५५ साली अशा टेप आणल्या. शिकागो परिसरातल्या कॉन्सर्टेप्स या कंपनीनं तर फाइन आर्ट्स क्वार्टेटसारख्या कलावंतांना घेऊन चेंबर म्युझिकवर भर दिला. मोठ्या वाद्यवृंदापेक्षा चार वाद्यांचा घास घरच्या दोन स्पीकरना झेपतो. पहिलं व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे, मधोमध दुसरं व्हायोलिन आणि व्हियोला, असं चित्र डोळे मिटून हातानं दाखवता येईल इतकं स्पष्ट उभं राहतं. एकाच स्पीकरमधून ऐकताना दोन व्हायोलिनं एकमेकांत विरघळतात. दुसरं व्हायोलिन किती काम करतं, हे अनेक रसिकांना स्टिरिओ टेपवरच पहिल्यांदा उमगलं.

या टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर गतीनं चालत. आधी फितीवर दोनच ट्रॅक असत. मग खर्च कमी करण्यासाठी दोन्ही दिशांनी वाजणारे चार ट्रॅक आले. ट्रॅक अरुंद झाला तसा 'हिस', म्हणजे फितीची पाठीमागची सततची सरसर, वाढला. कमीत कमी आवाजातल्या चेंबर म्युझिकला हे अधिक जाणवलं. त्यावरचा प्रभावी उपाय शोधणारा रे डॉल्बी किशोरवयात ॲम्पेक्समध्ये काम केलेला होता, आणि १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता. गोंगाट कमी करण्याच्या त्याच्या पद्धतीचा विचार याच वास्तव्यात आकाराला आला. १९६५ मध्ये लंडनला त्यानं कंपनी काढली आणि डेका ही तिची पहिली गिऱ्हाईक झाली. मंद आवाजातले सूर मुद्रित करताना उचलायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे हिसही त्यांच्याबरोबर खाली जातो. यामुळे स्टुडिओतला हिस सुमारे १० डेसिबलनं घटला.

पुढे कॅसेट आली, मग सीडी, आणि घरातले स्पूल माळ्यावर गेले. पण ही गोष्ट तिथे संपली नाही. २००७ पासून कॅलिफोर्नियातला 'टेप प्रोजेक्ट' मूळ मास्टरवरून ३८ सेंटिमीटर गतीच्या प्रती काढून विकू लागला. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आजही नवी फीत तयार होते. एका टेपला शेकडो डॉलर पडतात, म्हणून हा शौक मोजक्यांचाच राहणार. घाई न करता, स्पूल चढवून, फीत हातानं ओवून, अख्खी रचना एका बैठकीत ऐकण्यातलं सुख ज्यांना हवं असतं, ते हा खर्च करतात.

जुना स्पूल हाती आला तर

फितीचं आयुष्य तिच्या घडणीवर ठरतं. स्पूल उजेडासमोर आडवा धरून पाहावा. कडेनं उजेड आरपार दिसला तर ती बहुधा ॲसिटेटची जुनी फीत. ती ठिसूळ होते, ताणली तर तुटते आणि खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा वास सोडते. उजेड अडला तर पॉलिएस्टरची. तिचं दुखणं वेगळं. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या काही फितींमधला कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत ओलावा शोषून चिकट होतो. असा स्पूल तसाच लावला तर फीत हेडवर किंचाळत चालते आणि तपकिरी थर, म्हणजे प्रत्यक्ष संगीतच, हेडवर खरवडून निघतं. तज्ज्ञ अशी फीत नियंत्रित भट्टीत ५० ते ५५ अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात; मग ती थोडे दिवस नीट चालते आणि तेवढ्यात तिची डिजिटल प्रत काढून घेतात. घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नये, आणि ॲसिटेटच्या फितीवर तर मुळीच नाही.

आणखी एक दोष चेंबर म्युझिकमध्ये विशेष जाणवतो. स्पूलवर एकावर एक बसलेले थर एकमेकांवर पुसटसा ठसा उमटवतात. त्यामुळे सुरुवातीच्या शांततेत पहिला स्वरसंघ खऱ्या जागेच्या एक-दोन सेकंद आधी अंधुक ऐकू येतो. फीत वाजवून झाल्यावर मागे न गुंडाळता तशीच, शेवटचं टोक बाहेर राहील अशी ठेवली, तर हा ठसा मुख्यत: सुराच्या नंतर पडतो आणि सुराखाली झाकला जातो. म्हणून संग्रहालयांत स्पूल उलटे ठेवलेले असतात.

मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घरोघरी अनेक मैफिलींचे स्पूल अजूनही पडून आहेत. त्यांतला एखादा हाती लागला तर आधी कोरड्या, थंड जागी उभा ठेवावा. अनोळखी यंत्रावर चढवण्याचा मोह आवरावा. यंत्राचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेले आणि मार्ग चुंबकमुक्त केलेला असल्याची खात्री असलेल्या माणसाकडेच तो द्यावा. आणि डब्यातला पिवळा पडलेला कागद जपावा, कारण गती ९.५ होती की १९, ट्रॅक दोन होते की चार, त्या दिवशी तबल्यावर कोण होतं, हे बऱ्याचदा फक्त त्याच कागदावर लिहिलेलं असतं.